मुशीचं तेल पाजलेलं इंजिन

आपल्या देशाचं सगळ्यात जोरात जाणारं इंजिन ह्या दोन हातांनी झालंय. मंजे केलं दुसऱ्यांनी. मी ते फक्त आतनं घासलं, आणि घासून झाल्यावर त्याची वाट लावली.

मी तारापूरजवळच्या दांडी गावचा. आमचं घर समुद्राला लागून. बाप होडीवर, आजा होडीवर, चुलते होडीवर. मी पण गेलतो, पण मला होडीत उलटी व्हायची. होडी जरा खोल पाण्यात गेली की मी कडेला वाकलेला. बाप बोलायचा, "ह्याला सोबत घेतला की मासे जाळ्यात नाय येत, ह्याच्या मागं मागं येतात."

मंग आयनं मला किनाऱ्यावर बायांमधे सुकट निवडायला बसवला. मी निवडायचो कमी, खायचो जास्ती. शाळेचं तर विचारूच नका. मी शाळेत गेलतो, शाळा माज्यात नाय आली. शेवटी आय स्वतः बोईसरला गेली, कारखान्यांच्या वसाहतीत एका वर्कशॉपच्या मालकाच्या दारात सुक्या बोंबलांची टोपली उतरवली आणि हात जोडून बोलली, "माज्या पोराला कायतरी काम द्या. डोकं लागंल असं देऊ नका."

मालकानं तिचा शब्द पाळला. मला पॉलिशवर घेतला. काठीला एमरी पेपर गुंडाळायचा आणि लोखंड घासत बसायचं. तोंड दिसायला लागलं की थांबायचं. माजं तोंड बघायला एवढी मेहनत घेणारा जगात मी एकटाच.

वर्कशॉप लहानसं. वर पत्रा, खाली लेथ, मिलिंग, ड्रिल आणि एक ठिणगीनं भोकं पाडणारं मशीन, त्याला आमी स्पार्क बोलायचो. आजूबाजूच्या केमिकल कारखान्यांचे पाइप, नळकांडी, झाकणं असलं काम. आमच्या पत्र्यावरनं तारापूरच्या अॅटमिकच्या मोठ्या तारा गेलेल्या. कायम घूं घूं करायच्या. लेथवाला बनारसकडचा होता, तो बोलायचा, "चाचा, ऊपर से पूरा गुजरात जा रहा है।" मंजे गुजरातला जाणारी लाईट.

नव्वद सालानंतरची गोष्ट, मी तवर अर्धा म्हातारा झालेलो. एक सायेब आले. बारीक, चष्मेवाले, सोलापूरकडचे. दक्षिणेत कुटंतरी सरकारी संशोधनाच्या कामाला. बगलेत ड्रॉइंगची गुंडाळी. मुंबईपासून पाचसहा वर्कशॉपवाल्यांनी त्यांना हात जोडून वाटेला लावलेलं, कारण काम एकाच नगाचं आणि डोक्याला ताप शंभर नगांचा. आमच्या मालकाला असला ताप आवडायचा. त्यांनी हो बोलून टाकलं.

नग मंजे एक लांबडा चौकोनी डबा. दोन्ही तोंडं उघडी, एका बाजूला जरा फाकलेला. आत तळाला एक आडवी खाच. खाचेच्या अलीकडं बारीक भोकांची एक ओळ, आणि त्या भोकांच्या पाठीमागं बंद पोकळी, गॅस भरायला. बस. मी विचारलं, "सायेब, ह्यात मोटार कुटं बसवायची?"

"मोटार नाही मामा. हेच इंजिन."

मामा बोलायचे ते मला. त्यांच्याकडं वडीलधाऱ्या कामगाराला बोलतात तसं. मला बरं वाटायचं. वर्कशॉपात लेथवाला सोडून बाकी सगळे मला 'ए पॉलिश' बोलायचे.

"ह्यात काय फिरत पण नाय?"

"काही फिरत नाही. हवा एका तोंडातून येणार, आत जळणार, दुसऱ्या तोंडातून जाणार. त्या धक्क्यानं पुढं जायचं. पण हवा इतक्या जोरात येते की बंदुकीची गोळी तिच्यापुढं बैलगाडी. तेवढ्या हवेत आग पेटवायची, आणि पेटलेली राहू द्यायची. तेच जमत नाही. जगात फार थोड्यांना जमतंय."

आता हे ऐकल्यावर गप बसणारा माणूस मी नाय. मी बोललो, "सायेब, एवढंच ना? अहो आमचे लोक भर वाऱ्यात होडीवर बिडी पेटवतात. हाताचा असा खोपा करायचा, आत काडी. वारा वरनं जातो, काडी जळत राहते. थांबा, दाखवतो."

आणि मी भट्टीचा मोठा पंखा लावून त्याच्यासमोर उबा र्‍हायलो. पयली काडी विझली. दुसरी विझली. तिसरी पेटली, पण बिडीला नाय, माज्या मिशीला. लेथवाल्यानं पाण्याचा डबा माज्या तोंडावर रिकामा केला, त्यात कूलंटचं, मंजे लेथ थंड ठेवायचं दुधासारखं पाणी होतं. पुढं बरेच दिवस मी अर्ध्या मिशीचा फिरलो.

सायेब हसले नाय. चष्मा पुसत बोलले, "बरोबर आहे मामा. ती आतली खाच म्हणजे तुमचा खोपाच. जोराची हवा वरून जाते, खाचेत जराशी हवा घुटमळते, तिथं आग धरून ठेवायची. ते ड्रॉइंगमध्ये आधीच आहे."

आधीच आहे बोलले ते मी सोयीनं विसरलो. दांडीला जाऊन सांगितलं, सरकारनं माजा हात बघून इंजिनाला खाच काढली. कोणी पटकन मानलं नाय, पण मिशी बघून गप बसले.

काम चालू असताना सायेब बोईसरला लॉजवर राहायचे आणि दिवसभर वर्कशॉपात स्टुलावर बसायचे. डबा तयार व्हायला लागला तसे ते आणखी बारीक व्हायला लागले. एकदा चहा पिताना त्यांनी मला आणि मालकाला सांगितलं. तिकडं जोराची हवा सोडायची एक मोठी नळी हाय. टाक्यांत हवा कोंडून कोंडून भरतात आणि एकदम सोडतात, सगळा खेळ काही सेकंदांचा. तिथं बऱ्याच जणांची रांग. ह्यांची पाळी येत्या सोमवारी. पाळी हुकली की परत रांगेच्या शेवटी.

"आणि पेटलं नाही तर?" मालकानं विचारलं.

"वरचे विचारतात, अजून किती दिवस? बाकीच्यांच्या कामातून काहीतरी उडतंय, दिसतंय. माझ्याकडं फक्त डबा. या पाळीला पेटलं तर काम चालू राहील. नाही तर माझं टेबल उचलून दुसऱ्या कुणाला देतील."

त्यांनी ते असं सांगितलं जसा डॉक्टर दुसऱ्याच्या घरचं सांगतो. पण चहा तसाच ठेवून परत डब्याशी गेले. मी काय करणार? मी आणखी जोरात घासायला लागलो.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचं भोक पडलं. सायबांनी बॅटरी लावून एकेक भोक बघितलं, आतनं बोट फिरवलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले. अंगात कणकण होती त्यांच्या. बोलले, "उद्या सकाळी पेटी घेऊन येतो. पॅक करतो, दुपारी निघतो. तोवर जपा. आत डाग पडता कामा नये." आणि लॉजवर झोपायला गेले.

मालक माज्याकडं बघून बोलले, "ऐकलं ना? जप."

आता आमच्याकडची हवा कशी हाय ते तुमाला म्हायती नसंल. समुद्राची खार आणि केमिकलचा धूर, दोघांचं लगीन लागलेलं. नवीन कुलूप लावावं तर पावसाळ्याआधी चावी आत जात नाय. सायकलच्या रिमा पिठासारख्या झडतात. आणि हे चकचकीत, आरशासारखं पोट, ज्याच्यावर मी माजी कोपरं झिजवलेली, ते रातभर असंच उघडं ठेवायचं?

आमच्या गावात होडीला तेल पाजतात. मुशी माशाचं काळीज कढवून काढलेलं तेल. फडक्यानं लाकडात जिरवायचं. एकदा पाजलं की खाऱ्या पाण्याची टाप नाय लाकडाला शिवायची. बाप मरताना त्याच्या होडीचं लाकूड त्याच्यापेक्षा धडधाकट होतं. माज्याकडं त्या तेलाची बाटली कायम असायची, गुडघ्याला चोळायला.

मी मालकांना विचारलं. तसं खोटं नाय बोलणार, विचारलं. ते कुलूप शोधत होते. बोलले, "लाव लाव, चांगलं लाव." मंग मी चांगलं लावलं. आतनं फडकं फिरवलं, खाचेत बोटानं भरलं, भोकांवर दोनदा पाजलं, आणि जास्तीचं निथळावं म्हणून डबा उबा करून ठेवला. जाताना त्याच्या पाठीवर हात फिरवला. होडीला करतो तसाच.

शुक्रवारी आमच्या वसाहतीत लाईट बंद. विजेची टंचाई, म्हणून एकेका भागाला एकेक वार वाटून दिलेला, आमच्या वाट्याला शुक्रवार. सायेब सकाळी लाकडी पेटी आणि कापूस घेऊन आले. दारातच थांबले. नाक वर केलं.

"मामा, इथं काय मेलंय?"

मी छाती पुढं काढून बोललो, "सायेब, तुमचा डबा आता शंभर वर्षं गंजत नाय. आमचं होडीचं तेल पाजलंय. मुशीचं."

ते डब्याजवळ गेले. आत बोट घातलं. बोट नाकाला लावलं. मंग ते हळूच स्टुलावर बसले, आणि एवढं हळू बोलले की वरच्या तारांची घूं घूं जास्ती ऐकू येत होती.

"मामा, हे निकेलचं आहे. हे गंजत नाही."

"कदीच नाय?"

"कधीच नाही."

लेथवाला मागनं बोलला, "वाह चाचा। जो चीज़ मरती ही नहीं, उसको दवा पिला दी।"

सायबांनी मालकांना समजावलं. तिकडं त्या हवेत ऑक्सिजन मिसळतात. ऑक्सिजन असतो तिथं तेलाचा थेंब पण चालत नाय. थेंब बॉम्बसारखा पेटतो, डबा जातो, शेजारची माणसं जातात. तिथं एक माणूस फक्त हेच बघायला ठेवलेला, पांढरं फडकं फिरवतो. फडक्याला डाग लागला की नग गेटाबाहेर.

"मंग पुसून टाकू," मी बोललो.

पुसायला आमी सगळे लागलो. कपडे धुवायची पावडर आणली, स्टोवर पाणी तापवलं. वरचं निघालं. मालक शेजारच्या केमिकल कारखान्यात तेल कापणारं औषध मागायला गेले. तिथला दारवान बोलला, बडे सायेब जेवायला गेलेत, ते आल्याबिगर थेंब देता येत नाय. बडे सायेब जेवून झोपूनच आले असावेत. कॅन मिळाला तवा सूर्य डोक्यावरनं उतरलेला. औषध आत ओतलं, हलवलं, बाहेर काढलं. डबा चकाचक. पांढरं फडकं फिरवलं, पांढरंच. मी टाळी वाजवली.

मंग सायबांनी एका भोकाला कापसाची वात लावली. वात पिवळी झाली.

तेल भोकांतनं मागच्या बंद पोकळीत उतरलेलं. मी डबा उबा ठेवला होता ना, निथळायला. निथळलं होतं, पण आत. पोकळी चारी बाजूंनी वेल्ड केलेली. तापवून, हवा मारून, परत तापवून, परत हवा मारून काढायचं तर भट्टी पायजे, कंप्रेसर पायजे. दोन्हीला लाईट पायजे. आणि लाईट आमच्या डोक्यावरनं गुजरातला चाललेली.

मालकांनी सबस्टेशनला माणूस धाडला. माणूस परत येऊन बोलला, ते बोलतात आमच्या हातात नाय. कुणाच्या हातात हाय ते पण त्यांना म्हायती नाय.

मी माज्या सायकलचा पंप आणला. काय हसता? आणला. भोकाला रबराची नळी दाबून धरली सायबांनी, आणि मी पंप मारायला लागलो. फुस्स करून पिवळा फवारा यायचा, मुशीच्या वासाचा, थेट सायबांच्या चष्म्यावर. ते चष्मा पुसायचे, परत वाकायचे. मी मारतोय, ते पुसतायत. लेथवाला पण हसायचा थांबला. त्यानं माज्या हातातनं पंप घेतला, मंग मालकांनी घेतला. वात लावली की पिवळीच. समुद्र वाटीनं उपसायला बसलेल्या येड्यांसारखे आमी चौघं.

त्यांची दुपारची गाडी गेली. संध्याकाळची होती, तिनं गेलो तरी पोचतो बोलले, उद्यावर गेलं तर तिकडं तपासून बसवायला वेळ उरत नाय. संध्याकाळी परत वात लावली. ती पण पिवळी.

सायेब उठले. नाक्यावरच्या फोनच्या बूथमधे गेले. मी मागं मागं गेलो आणि काचेबाहेर उबा र्‍हायलो. आतलं ऐकू येत नव्हतं, फक्त तोंड दिसत होतं. ते पयले खूप बोलले. मंग थोडं बोलले. मंग नुसतं ऐकत राहिले, मान हलवत, जसं काय पलीकडच्याला मान दिसत होती.

बाहेर येऊन बोलले, "पाळी दुसऱ्याला दिली."

मी त्यांच्या पायांवर पडायला वाकलो, पण ते तोवर पुढं गेलते. मी बूथच्या पायरीला नमस्कार केला.

शनिवारी लाईट आली. भट्टी लावली, कंप्रेसर लावला, सगळं एका दिवसात झालं. वसाहतभर भाजलेल्या मुशीचा वास सुटला आणि दाराशी मांजरांची रांग लागली. वात पांढरी आली. आता काय उपयोग? सायबांनी डबा कापसात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि गेले. मला कायपण बोलले नाय. एखादी शिवी दिली असती तर मी ती घरी नेऊन जपून ठेवली असती.

आयला सांगितलं. ती बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता बोलली, "होडी पाण्यात जाते, तिला तेल पाजतात. तुजं ते आगीत जायचं होतं. आगीत जायच्या वस्तूला तेल पाजणारा तूच रे बाबा." मंग जरा वेळानं, "त्या माणसाचं पोट हाय का त्याच्यावर?"

"टेबल हाय," मी बोललो. "टेबल उचलणार त्याचं."

"मंग जे उलटं व्हायचं ते तुजंच होऊ दे, त्याचं नको," असं कायतरी पुटपुटली आणि गावदेवीला नारळ ठेवायला गेली.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाय. पारावर माजं नाव पडलं, 'इंजिन थांबवणारा'. खोटं कशाला बोलू, त्यात मला थोडं बरं पण वाटायचं. होडीवर उलटी करणाऱ्याला त्या गावात नाव नव्हतं, ह्याला होतं. कोणी विमानाचा आवाज ऐकला की मला हाक मारायचे, "बघ रे, तुज्या तेलाशिवाय उडतंय." मी हसायचो. पण रात्री ताटात मुशीचं कालवण आलं की मी ताट बाजूला सारायचो. तो बूथमधे मान हलवणारा माणूस समोर यायचा. एवढा मोठा देश, एवढी मोठी हवा, आणि मधे मी, फडकं घेऊन.

दोनतीन पावसाळे गेले. एका शुक्रवारी, लाईट बंदच, मी दारात बसून नखं कापत होतो, आणि सायेब आले. केस पांढरे व्हायला लागलेले. बगलेत नवीन गुंडाळी. मी उठून लेथच्या मागं लपलो. लेथच्या मागनं माजं पोट बाहेर दिसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मामा, या की बाहेर," सायेब बोलले.

ते खिडकीपाशी टेबलावर ड्रॉइंग पसरत होते. आत अंधार, उजेड तेवढ्या खिडकीतनंच. मी जवळ गेलो. एवढे दिवस मनात घोळवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "सायेब, माज्यामुळं तुमची पाळी गेली. माज्यामुळं तुमचं टेबल गेलं. माज्यामुळं देशाचं—"

"टेबल गेलं," ते बोलले. "आता जिन्याखाली बसतो. पण बसतो."

"आणि इंजिन?"

"पुढच्या पाळीला लावलं होतं. पेटलं नाही."

"तेल राहिलं होतं का आत?"

"काही राहिलं नव्हतं. आरशासारखं होतं. तरी पेटलं नाही. त्याच्या पुढच्या पाळीला पण नाही. खाच चुकीच्या जागी होती. ती माझी चूक." त्यांनी नव्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं. खाच आता दुसरीकडं होती, भोकांपासून दूर, आणि मागनं तिरकी. माज्या हातासारखी अजिबात दिसत नव्हती.

"मंजे त्या शुक्रवारी नेलं असतं तर..."

"तर लवकर कळलं असतं, एवढंच."

मी उबा र्‍हायलो. एवढी वर्षं जे ओझं डोक्यावर घेऊन हिंडलो ते कोणी एकदम उचललं, आणि खाली डोकंपण नाय असं झालं. बरं वाटायला पायजे होतं. नाय वाटलं. दांडीच्या पारावर आता काय सांगायचं?

"मंग सायेब, तिकडं तुमच्या लोकांत माज्या तेलाचं कायतरी बोलत असतील ना? रागानं का होईना?"

"तिकडं कुणाला माहीतही नाही मामा. मी पाळी हुकली एवढंच सांगितलं."

"मंजे माजं तिकडं नाव पण..."

सायबांनी मान वर केली नाय. चष्मा कागदाला जवळजवळ टेकलेला.

"मामा, तुम्ही खिडकी अडवलीय. बाजूला व्हा, मला दिसत नाही."